बुजलेल्या पेवाचा नकाशा

आमचं गाव परंड्याच्या अंगाला, सीनेच्या अलीकडं. पलीकडं इंग्रजी मुलूख, अलीकडं निजामाची मोगलाई. शेतांची जमीन ती काळी, घरांखालचा उंचवटा ती पांढरी. ज्वारी काळीत पिकायची आणि पांढरीच्या पोटात, पेवात राहायची. पेव म्हणजे जमिनीखालची कोठी. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आतलं पोट खोलीएवढं. ज्वारी भरली की तोंडावर दगड, वर माती, वर शेणाचा सारवा. मग त्यावरून गुरं जायची. परक्याला पत्ता लागायचा नाही.

पेवं उकरायची आणि उघडायची ती एका म्हाताऱ्यानंच. सारं गाव त्याला मामा म्हणायचं. टाच आपटून तो पेव भरलेलं की रिकामं ते सांगायचा. उघडलं की आधी दोरीनं कंदील आत सोडायचा. विझला तर कुणाला उतरू द्यायचा नाही. "आतला वारा माणूस खातोय," म्हणायचा. "ज्याला घाई आसंल त्यानं म्होरं व्हावं."

लढाईच्या वर्षांत सरकारनं लेव्ही बसवली. ठरलेली ज्वारी सरकारात घालायची. गावानं थोडी घातली, बरीच पांढरीत ठेवली. मी तेव्हा विशीतला. परंड्याला राहून उर्दू शिकून आलेला, गावात ती लिहिणारा एकटाच. लेव्ही वसूल करणारा सरकारी गिरदावर आला की चावडीत मला बोलावणं यायचं. तो मला खुर्ची द्यायचा. पाटलांना घोंगडीवर बसावं लागे आणि मला खुर्ची.

एकदा तो म्हणाला, "मुन्शीजी, दफ्तरातला तुमच्या गावाचा नकाशा फाटला. एक बनवून द्या की."

घरी बसून मी दोन दिवसांत नकाशा काढला. ओढा, विहिरी, शीव, मारुती, मशीद, गायरान. आणि पांढरीत पाच बारीक वर्तुळं, लहानपणी मामामागं हिंडून पाहिलेल्या जागांची. ती त्यानं मागितली नव्हती. नकाशा पुरा असावा, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे खुर्ची डोक्यात गेली होती. कागद परंड्याला नेऊन दिला. त्यानं वर्तुळांवर बोट ठेवलं, मी "पेवं" म्हणालो. "वा, क्या हात है तुम्हारा," तो म्हणाला. मी खूश होऊन गावी आलो.

आठवड्यानं माणसं कुदळी घेऊन आली. कुणाला काही विचारलं नाही, सरळ पाच ठिकाणी खणायला लागली. चार पेवं भरलेली निघाली. पाचव्या ठिकाणी, मारुतीमागं, नुसती माती. गाड्या भरून परंड्याकडं गेल्या.

मग गावाची नजर बदलली. विहिरीवर दुसरी बाई आली की पहिलीचं बोलणं थांबायचं. परंड्याच्या बाजाराला कोण कितीदा गेलं, याचा हिशोब लोक करू लागले. शेवटी बोट मामावर आलं.

"समद्या पेवांची तोंडं कुणाला ठावं?" पाटलांनी चावडीत विचारलं.

"मलाच की," मामा म्हणाला. "म्हणून तर इचारतो. मारुतीमागचं पेव पाणी शिरलं तवा म्याच बुजवलं. म्या सांगितलं आसतं तर तिथं कुदळ कशापायी मारली आसती?"

ते पेव बुजलं तेव्हा मी परंड्याला शिकत होतो. मला ठाऊकच नव्हतं.

"म्हंजी बुजल्यालं ज्याला म्हाईत न्हाय, त्यानं सांगितलं," पाटील सावकाश म्हणाले. माणसं एकमेकांकडं बघू लागली. नजरा माझ्यापर्यंत यायच्या आत मी बोललो.

"बुजल्यालं मामानं मुद्दाम सांगितलं आसंल. आपल्यावर येऊ नये म्हणून."

"व्हय की," मागून कुणीतरी म्हणालं. "म्हातारं लई पोचल्यालं हाय." लोक हसले.

मामानं माझ्याकडं पाहिलं. "तू शिकल्याला हाइस बाबा," तो म्हणाला. "तुलाच सुचनार."

त्याला कळलं होतं का, हा संशय मला आजतागायत आहे. पुढल्या सुगीला त्याला कुणी बोलावलं नाही. तो माकणीला लेकीकडं गेला, तिथंच वारला. इथं राहिलेल्या मुलाच्या घराला नाव पडलं, पेवफोड्याचं घर.

गेल्या आठवड्यात येडशीकडचे दोन पाहुणे माझ्याकडं आले. मामाच्या नातीला त्यांनी पसंत केलं होतं. मी पुढं गावातच मास्तर झालो; सोयरीक जुळवण्याआधी गावच्या मास्तराला विचारायची रीत, म्हणून आले.

"पोरगी चांगली हाय, गुरुजी. पण त्ये पेवाचं काय?"

मी सगळं सांगितलं. दारात उभी राहून बायको पहिल्यांदाच ऐकत होती.

थोरल्या पाहुण्यानं कप खाली ठेवला. "त्या घराचं न् तुमचं काय नातंबितं हाय का?"

"नाही."

"मग येवढं अंगावर का घेता? पोरीचं भलं व्हावं म्हणून?"

त्यांना मीच खोटा वाटत होतो. तोंडच्या शब्दावर विश्वास मागायचा मला हक्क तरी कुठला होता? वहीचं पान फाडून मी तोच नकाशा काढला. ओढा, विहिरी, शीव, पाच वर्तुळं. हात अडला नाही. पाचव्यापाशी लिहिलं, 'बुजलेलं. हे मामाला ठाऊक होतं, मला नव्हतं.' खाली सही केली.

पाहुण्यानं कागद उजेडाला धरून पाहिला. "चावडीत तवाची मानसं आस्तील न्हवं?"

"आहेत," मी म्हणालो, आणि पायात वहाणा घातल्या.