गुडघे बाजूला घेणारे काका

लाँड्रीवाल्यांना सगळी गल्ली कडककाका म्हणायची. कारणं दोन. एक म्हणजे त्यांची खळ. त्यांच्याकडून आलेला शर्ट खुर्चीत ठेवला तर कुणीतरी येऊन बसलंय असं वाटायचं. दुसरं कारण म्हणजे त्यांचा स्वभाव. खिशात पेन विसरून कपडे टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला ते असं फैलावर घ्यायचे, की पुढच्या खेपेला तो बिचारा खिसे उलटे करूनच दुकानाची पायरी चढायचा. एका वकिलाला तर त्यांनी कोटासकट परत पाठवलं होतं. वकील दुसऱ्या दिवशी मुकाट्याने आला, कारण तशी इस्त्री दुसरीकडे कुठे मिळत नव्हती.

दुकानाच्या मागच्या खोलीत कपडे उकळायची मोठी भांडी होती, पिळायचं यंत्र होतं आणि अगदी वरच्या फळीवर एक पांढरं इनॅमलचं घमेलं होतं. काठाला टवका उडालेलं. त्या घमेल्याला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. ते चर्चच्या कपड्यांसाठी होतं.

आता हे नीट सांगायला हवं. काकांची बायको कॅथलिक. तिच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे उपासना, झाली की फादर ज्या रुमालाने द्राक्षारसाचा प्याला पुसतात, तो रुमाल इतर कपड्यांत टाकून चालत नाही. त्याला लागलेला थेंब त्यांच्या लेखी नुसता द्राक्षारस नसतो, प्रभूचं रक्त असतं. म्हणून रुमाल आधी साध्या पाण्यात हाताने खळबळायचा आणि ते पाणी मोरीत न टाकता मातीत ओतायचं. हे काम काकू लग्नाआधीपासून करायच्या. पुढे संधिवाताने त्यांची बोटं आखडली आणि काम काकांच्या गळ्यात पडलं. काका प्रोटेस्टंट. त्यांच्या वडिलांच्या घरात मेणबत्ती लागायची ती फक्त वीज गेल्यावर. तरी त्यांनी घमेलं उचललं, रुमाल धुतला आणि पाणी मागच्या दारच्या जास्वंदीला घातलं. त्यानंतर एकही आठवडा चुकला नाही.

लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींनी यथेच्छ नाकं मुरडली होती. तोड काकूंनीच काढली. दर रविवारी दोघांनी आधी तिच्या चर्चला जायचं, मग रस्ता ओलांडून त्यांच्या. दोन प्रवचनं लागोपाठ ऐकायची म्हणजे खायचं काम नाही, पण दोघांनी जन्मभर निभावलं.

गोची व्हायची ती एकाच ठिकाणी. तिच्या चर्चमध्ये कम्युनियनची, म्हणजे फादरच्या हातून पवित्र भाकर घ्यायची, वेळ झाली की सगळा बाक उठून वेदीकडे निघायचा. काका बाकाच्या टोकाला बसायचे, पाय लांब म्हणून. ते गुडघे बाजूला घ्यायचे, काकू त्यांच्यासमोरून निघून रांगेत जायच्या, परत यायच्या, की पुन्हा गुडघे बाजूला. काकांच्या चर्चमध्ये त्यालाच प्रभुभोजन म्हणायचे, आणि त्याचं तबक बाकावरून हातोहात यायचं. तिथे काकू ते घ्यायच्या, हसायच्या आणि स्वतः काही न घेता शेजारणीकडे द्यायच्या. तिच्या चर्चचा नियम तिला तिथे घेऊ देत नव्हता आणि तोच नियम काकांना तिच्या चर्चमध्ये घेऊ देत नव्हता. एकाच ताटात जेवणारी दोन माणसं, पण त्या एका घासाला वेगळी. नियम मोडून चोरून घ्यावं असं दोघांपैकी कुणाच्या मनातही आलं नाही. मला या दोघांचं जे कौतुक वाटतं ते इथेच.

लग्नाच्या एका वाढदिवशी घरी परतताना काकू म्हणाल्या होत्या, “एकदा तरी तुमच्याबरोबर घ्यावं असं फार वाटतं हो.”

काका म्हणाले होते, “बघू.”

नवऱ्याच्या ‘बघू’चा अर्थ कुठल्या बायकोला सांगावा लागत नाही. काकूंनी तो विषय पुन्हा काढला नाही. काकांच्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. तेवढ्यासाठी आपलं चर्च सोडणं म्हणजे देवाशी लबाडी, असं त्यांना वाटायचं. आणि न सोडता मागणं म्हणजे फादरना अडचणीत टाकणं.

मग काकूंचं हृदय थकलं. डॉक्टरांनी इलाज थांबवले आणि घरी न्या म्हणून सांगितलं. काकांनी पलंग दुकानावरच्या पुढच्या खोलीत हलवला, कारण खालच्या इस्त्रीचा आवाज आला की तिला बरं वाटायचं. दर शुक्रवारी दुपारी फादर छोट्या डबीतून तिच्यासाठी कम्युनियन आणायचे. काका स्टुलावर स्वतः इस्त्री केलेलं पांढरं कापड अंथरायचे, मेणबत्ती लावायचे आणि दाराशी उभे राहायचे. डबी उघडण्याआधी फादर क्षणभर थांबून त्यांच्याकडे बघायचे. आपण बाहेर जावं अशी ही खूण आहे, असं समजून काका स्वयंपाकघरात जायचे आणि उगाच नळ सोडून उभे राहायचे. दर शुक्रवारी हेच.

एका गुरुवारी काकांच्या चर्चच्या पाळकबाई, म्हणजे तिथल्या धर्मगुरू, भेटायला आल्या. काकूंना डोळा लागला होता. चहा देता देता काकांचा बांध फुटला. “तिची एक इच्छा राहिलीय बघा,” म्हणून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

“मग फादरना विचारलंत?”

“मी कशाला विचारू? त्या भल्या माणसाला नाही म्हणायला लागणार, जिवावर येणार त्यांच्या. देता येत असतं तर त्यांनीच म्हटलं नसतं का?”

पाळकबाईंनी कप खाली ठेवला. “अहो काका, त्यांनी म्हणायचं नसतं. आपल्या माणसाला त्यांच्याकडे कम्युनियन फार क्वचित देतात, अगदी तशीच निकड असली तर. तेव्हासुद्धा ते आपण आपणहून मागावं लागतं. त्यांनी ‘या’ म्हटलं तर ते ओढून नेल्यासारखं होईल. मिळेलच असं मी म्हणत नाही. पण न मागता नाहीच मिळणार.”

काका हातातली बशी घेऊन तसेच उभे राहिले. म्हणजे फादर दाराकडे बघत होते ते आपण जावं म्हणून नव्हे, आपण मागतो का म्हणून. आणि आपण शुक्रवारमागून शुक्रवार नळाखाली पाणी वाया घालवत होतो!

“तुम्हाला वाईट नाही वाटणार?” त्यांनी विचारलं.

“काकूंनी आपल्या तबकातलं कधी काही घेतलं नाही, पण हसल्याशिवाय ते पुढेही दिलं नाही,” पाळकबाई म्हणाल्या. “मला वाईट कसं वाटेल?”

दुसऱ्या दिवशी काकू फारच मलूल होत्या. सकाळपासून चमचाभर पाणी तेवढं पोटात गेलं होतं. फादर आले, नेहमीसारखे थांबले, बघितलं. काका या वेळी हलले नाहीत. वकिलाला हाकलून देणारा तो माणूस अगदी हळू आवाजात बोलू लागला.

“फादर, मलापण द्याल का? तिच्याबरोबर. मीच विचारतोय. मला कुणी सांगितलेलं नाही... म्हणजे विचारायचं असतं एवढंच सांगितलंय.”

फादरनी डबी कापडावर ठेवली. “तुम्ही याला काय मानता, काका?”

“मला पुस्तकातलं नाही बोलता येत. ते रुमालाचं पाणी आहे ना, ते आधी मी तिच्या शब्दाखातर मातीत ओतायचो. मागे कोण बघायला येतंय? मोरीत ओतलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पण पुढे पुढे माझ्याच्याने ते मोरीत ओतवेना. प्रभू आहे त्यात. आता आणखी काय सांगू?”

फादरनी खिशातून फोन काढला. मग म्हणाले, “हे माझ्या एकट्याच्या हातात नाही. बिशपना विचारायला हवं. आत्ताच विचारतो.” आणि फोन घेऊन ते जिन्यात गेले.

काकांनी मेणबत्ती सरळ केली. ती सरळच होती. कापडाची न पडलेली सुरकुती दोनदा काढली.

“काय झालं?” काकूंनी डोळे उघडले.

“विचारायला गेलेत.”

“तुम्ही मागितलंत?”

“हो.”

“आवाज चढवून मागितलंत का?”

“नाही गं बाई. अगदी हळू.”

काकूंना हसू आलं आणि हसण्याने धाप लागली. त्यांचा हात काकांच्या हातात होता. जिन्यातून फादरचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. त्यांचं बोलणं संपेपर्यंत ही राहील ना, एवढंच काकांच्या मनात होतं. देवाकडे त्यांनी आजवर हक्काने काही मागितलं नव्हतं. आता मागत होते.

फादर वर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. “त्यांनी तुमच्या दोघांचं सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, त्याने स्वतः मागितलंय का? मी म्हटलं, स्वतः. हो म्हणाले.” मग त्यांनी डबी उघडली आणि जरा ओशाळले. “पण मी भाकर एकच आणलीय.”

“मला तसाही तुकडाच जातो,” काकू म्हणाल्या.

फादरनी ती पवित्र भाकर मधोमध मोडली. एवढ्याशा खोलीत तो आवाजही ऐकू आला.

काका मात्र दाराशीच उभे. जन्मभर बाकाच्या टोकाला बसलेल्या माणसाला पुढे कसं जायचं, कुठे उभं राहायचं, हे कळेना. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये स्टूल होतं, फादर होते. बसायला जागा म्हणाल तर पलंगाच्या कडेवर, पण तिथे काकूंचे पाय होते.

काकूंना ते दिसलं. कुशीवर वळायलाही ज्यांना हात द्यावा लागायचा, त्या काकूंनी चादरीखाली आपले गुडघे हळूहळू बाजूला घेतले.

“या ना,” त्या म्हणाल्या.