गॅससमोरचा आरसा

भावोजींचा फोन आला तेव्हा मी हळर्णला माहेरी कुळीथ निवडत बसले होते. "बाय गेली," एवढंच म्हणाले. मागे कुठेतरी तान्हं पोर रडत होतं. मी वेड्यासारखी विचारत राहिले, मग रडतंय ते कोण...

माझी थोरली बहीण सुलू, म्हणजे आमची बाय, लहानपणीच्या तापात कान गमावून बसली होती. पण ओठ असे वाचायची की तिच्यासमोर गुपित बोलायची कुणाची टाप नव्हती. लग्न होऊन शिरगावला गेली, तर पहिलं काम काय केलं? गॅससमोरच्या भिंतीवर आरसा टांगला. भाकरी भाजता भाजता मागे दारातून कोण आलं, काय म्हणालं, सगळं तिला त्यात दिसायचं.

दिवस राहिले आणि त्या आरशानेच घात केला. शेजारच्या बायका यायच्या, ही बहिरी म्हणून तिच्या पाठीमागे खुशाल बोलायच्या. हिला कशाला हवं पोर? रडलं तर ऐकणार कोण? तेही बहिरंच निपजलं तर? मेल्यांना वाटायचं, हिला काय कळतंय. सगळं कळत होतं गो... बायचं जेवण तुटलं, झोप उडाली, रक्तदाब चढला. सातव्या महिन्यात मी गेले तर आरसा भिंतीकडे तोंड करून लावलेला आणि बाय मान खाली घालून वावरतेय. मी हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं, तेव्हा आपल्या त्या जाड आवाजात म्हणाली, "नको गो. बघितलं की ऐकू येतं."

दवाखान्यातही ती खालीच बघत बसायची. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले तर लगेच सांग, असं डॉक्टरीण बोलली होती, तीही कॉम्प्युटरकडे बघत. बायनं नुसती मान हलवली. सोबत गेलेल्या सासूला वाटलं, हिला समजलं, दुखलं तर सांगेल. नववा लागला आणि बायचं डोकं धरलं. कपाळाला फडकं बांधून ती भाकऱ्या भाजत राहिली. मग झटके आले. पोर वाचली, बाय नाही. टेन्शन घेऊ नको, हे मात्र तिला जो तो सांगून गेला होता.

परवा मी शिरगावला गेले. मुलीचे कान तपासून झाले होते, चांगले आहेत. देवी पावली, असं शेजारीण म्हणाली. मला तिचं तोंड बघवेना. आत गेले, आरसा सरळ केला आणि चहा टाकला.

सासू मागे उंबऱ्यात येऊन उभी राहिली. आरशाकडे बघून, सवयीने तोंड सावकाश हलवत म्हणाली, "पोर निजली गो बाय."

आरशात मी होते. ती तिथेच खाली बसली.