साडूच्या वडिलांनी ऐकलेलं भाषण

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात माझ्या साडूइतक्या थाटात खोटं बोलणारा माणूस नाही, आणि त्याच्यावर माझ्याइतका जळणाराही दुसरा कोणी नाही. मी देवळीच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. साडू पिपरी मेघेला राहणारा, बसवरचा निवृत्त ड्रायव्हर. पण आमच्याकडे पाहुणा आला, की त्याला सेवाग्रामची कुटी दाखवायला साडूच लागतो. "भाऊजी सांगते तसं तुमाले नाई जमत," असं खुद्द माझी बायको म्हणते.

कुटीकडे जाताना तो कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालतो. असा सदरा त्यानं स्वतःच्या पोरीच्या लग्नातही घातला नव्हता. फाटकापासूनच आवाज खाली येतो. पाहुण्यांच्या चपला तो स्वतः ओळीनं लावतो. चटई, चरखा, टेलिफोन, सगळ्यांची ओळख अशी करून देतो, की जणू घरातली वडीलधारी माणसंच बसली आहेत. एकदा नागपूरच्या एक बाई खांबाला टेकल्या, तर म्हणाला, "ताई, त्याले टेकू नका. तो लई थकला आहे." बाई खांबाला नमस्कार करून बाजूला झाल्या! तीस वर्षांत माझ्या इतिहासाला कोणी हात जोडल्याचं मला आठवत नाही.

अंगणात आलं, की वडिलांची गोष्ट. लढाईच्या धामधुमीतलं ते 'चले जाव'चं भाषण मुंबईला झालं, हे तो मान्य करायचा. "पण आधी ते इथं झालं. याच अंगणात बोलून पाह्यलं त्याइनं. ऐकाले एकच माणूस. आमचे बाबा!" पहिल्या वर्षी बाबांनी एकच वाक्य ऐकलं होतं. पुढे अर्धं भाषण झालं. गेल्या वर्षी तर 'हा शब्द जरा कडक होते,' असं बाबांनी सुचवल्याचंही कानावर आलं. लोक डोळे पुसायचे. मी दात आवळायचो.

या हिवाळ्यात लेकीचे सासू-सासरे पुण्याहून आले. मी दोन दिवस बसून टिपणं काढली. साडू न बोलावता फाटकावर हजर! पंधरा मिनिटांत विहीणबाई त्याच्या मागे, व्याही त्याच्या शेजारी आणि टिपणं माझ्या खिशात. अंगणात त्यानं घसा खाकरला आणि माझा तोल गेला.

"साडभाऊ, तेव्हा तुमचे बाबा किती वर्षांचे होते?"

त्यानं सदऱ्याची बाही सारखी केली. मग म्हणाला, "चार."

व्याही हसले. मीही हसलो, जरा जास्तच.

"बाबा इथं कधी आलेच नाई, गुरुजी," साडू म्हणाला. "जिंदगीभर म्हणे, एकदा ती कुटी पाहू. कधी कापूस वेचाचा राहे, कधी बैल बिमार. मी रोज याच रस्त्यानं बस घेऊन जाओ. दुनियेले बसवून आणलं, त्याइले आणनं राहून गेलं. म्हून आता येणाऱ्याले सांगू सांगू त्याइले इथं आणून राह्यलो."

विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. म्हणजे खरं बोलूनही तोच जिंकला! व्याही त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालू लागले आणि मी मागून एकटा.

भाषणाच्या त्या वर्षी माझे वडील वीस वर्षांचे होते. वर्ध्यातच राहत होते, सायकलीनं अर्ध्या तासावर. ते तेव्हा इथं आले होते का, त्यांनी काही ऐकलं होतं का, ते घाबरले होते का, मला काहीच माहीत नाही. त्या सालच्या धड्याच्या उत्तरपत्रिका मी दरवर्षी घरच्या ओसरीवर तपासत बसायचो. शेजारी ते सुपारी कातरत बसलेले असायचे. पोरांना मी त्या सालावर दहा-दहा प्रश्न घातले. वडिलांना एकही विचारला नाही.