वरचं अर्धं सोडा!

कापसाच्या बाजारात काम केलं की अंगाला रुई चिकटते आणि किस्सेही चिकटतात. रुई घरी जाऊन झटकता येते. किस्से मात्र श्राद्धाच्या पंगतीतही आठवतात, मला हसू फुटतं आणि भटजी रागावतात!

अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या अमरावतीत गाड्यांची रीघ लागली. तपासणीच्या मांडवात आम्ही तीन कारकून. प्रत्येक गाडीतून शंभर तोळे रुई घ्यायची, त्यातली पानं, सरकी, माती वेचायची आणि तेवढा कचराच तोलायचा. जितके तोळे, तितका शेकडा. साहेबाची ऑर्डर होती, पाचपर्यंत पास, सहा झाला की परत.

पाच आणि सहाच्या मधे काय, हे साहेबानं सांगितलंच नव्हतं!

दाजीबा अकोल्याचे. पावणेसहा तोळे भरले तरी म्हणायचे, "पाच! वरचं सोडा." किसनराव इथलेच. साडेपाचला पोचलं की त्यांचे सहा! मी तिसरा. मला दाजीबांच्या लेकीशी, गोदेशी, लग्न करायचं होतं, म्हणून दाजीबांचा हिशेब मला नेहमीच बरोबर वाटायचा.

*

पंधरा दिवसांत शेतकऱ्यांना सगळं उमगलं. दाजीबांपुढे गाड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत, किसनरावांपुढे फक्त एक शेळी.

साहेब पाहणीला आला. खूश होऊन त्यानं किसनरावांची पाठ थोपटली. एवढ्या लवकर सगळं काम संपवणारा माणूस त्यानं पाहिला नव्हता म्हणे!

*

एकदा किसनराव आणि दाजीबा दोघांना एकदमच ताप आला. वैद्यांनी दोघांना सांगितलं, "रुपयात बारा आणे बरे झालात."

किसनराव म्हणाले, "म्हंजे पूरा बरा झालो!" आणि आठ पुरणपोळ्या खाऊन पुन्हा आडवे झाले.

दाजीबा म्हणाले, "रुपया भरला नाई, म्हंजे आपन बरे झालोच नाई." आणि ठणठणीत असूनही महिनाभर पेज पीत बसले!

*

बार्शीटाकळीच्या एका पाटलाचा कचरा नेमका साडेपाच भरला. त्या दिवशी दोघं एकाच तराजूपाशी होते.

"अर्धं म्हंजे पूरंच!"

"अर्धं म्हंजे काईच नाई!"

पाटील उन्हात ताटकळलेला, नाकात रुई गेलेली. तो असा शिंकला की पारडं उलटं झालं आणि कचरा धुळीत मिसळला.

"कावून भांडून राहिले जी? लिहा आता, शेकडा शून्य!"

दोघांचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

*

शेवटी माझं स्थळ दाजीबांकडे गेलं. मी ओसरीवर बसलो, सोबतीला किसनराव. जोशीबुवांनी पत्रिका मांडल्या. छत्तीसात निदान अठरा गुण जुळायला हवेत. बुवांनी दोनदा बोटं मोजली.

"साडेसतरा."

दाजीबांना मी आवडत होतो, हे मला ठाऊक होतं. त्यांनी पत्रिका जवळ ओढून पाहिली. मग हळूच म्हणाले, "सतरा. वरचं सोडा."

"अहो, अठरा!" किसनराव ओरडले. "पोट्ट्याच्या जिवाचा सवाल हाय!"

"आपन जलमभर अर्धं सोडलं. आता पोरीसाठी धरलं तर लोक काय म्हनतीन?" दाजीबा म्हणाले.

जोशीबुवा पंचांग गुंडाळू लागले. मला वाटलं, संपलं सगळं. इतक्यात माजघराच्या दाराआडून गोदा बोलली.

"बाबा, मांडवात तुमी रुई तोलता का कचरा?"

"कचरा. मंग?"

"मंग न जुळनारे किती, ते इचारा ना बुवाइले."

बुवांनी पुन्हा बोटं मोजली. "साडेअठरा."

"अठरा!" दाजीबा ताडकन म्हणाले. "वरचं अर्धं सोडा! छत्तीसातून अठरा गेले, उरले अठरा!"

जोशीबुवांनी एकदा दाजीबांकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं, आणि मुहूर्ताचं पान उघडलं.