आवरलेला पदर

पसारा दिसला की नवनाथरावांचे हात शिवशिवतात. शेजारच्या फोटोच्या दुकानातल्या झीनतभाभी नमाजाला आत गेल्या, तेवढ्यात हे आपलं झेरॉक्सचं दुकान सोडून त्यांच्या खुर्चीत येऊन बसले. पडद्यावर एकावर एक रचलेले लेयर, म्हणजे रंगांचे थर, बघून त्यांना राहवेना. काठ, पदर, पदराची चमक, गाल, परत गाल! अगदी चांगल्या मनानं त्यांनी पदराचे दोन थर निवडले आणि एकत्र केले. त्याचं बटण त्यांना ठाऊक होतं, हेच दुर्दैव. फोटोतल्या शरणम्मांच्या इरकली लुगड्याचा डाळिंबी पदर क्षणात वांग्याच्या रंगाचा झाला.

नवनाथरावांनी आधी रुमालानं पडदा पुसला. मग उजेड वाढवला. मग फाइल सेव्ह करून, बंद करून पुन्हा उघडली. त्यांचा रुसलेला पंखा असाच चालू होतो. वांगं वांगंच राहिलं, आणि फाइल बंद केल्यानं मागं फिरायची वाटही बंद झाली.

"काय केलाव भाऊ?" भाभी दारातच थबकल्या.

"थोडं आवरलं."

"या अल्ला! तुमच्या घरात आवरायला काय न्हाई का?"

हा धंदा भाभींच्या सासऱ्यांपासूनचा. नबीसाब काळ्यापांढऱ्या फोटोंना ब्रशनं रंग द्यायचे. सून तेच कॉम्प्युटरवर करते. प्रत्येक रंग वेगळ्या थरावर, कारण नातेवाइकांचा भरवसा नसतो. भावाला आई गोरी हवी असते, बहिणीला होती तशी. आज तर अक्कलकोटची श्रीदेवी आईचं खरं लुगडंच पिशवीतून घेऊन आली होती. तिच्या आईचा, शरणम्मांचा, रंगीत फोटो कधी निघालाच नव्हता. उद्या श्रीदेवीच्या नव्या घराची वास्तुशांती. नव्या भिंतीवर आई हवी, आणि याच लुगड्यात. लुगडं ठेवून ती बाजाराला गेली होती, तो उरकून फोटो घ्यायला येणार होती.

भाभींनी आरडाओरडा केला नाही. आधी फोटो पूर्ण आकारात बघितला. लहान दिसताना रंग फसवतो. फरक नाही. रंगाची सेटिंग बघितली. ती जागेवर. मग थरांवर बोट ठेवलं.

"हे दोन्ही रंग खालच्या फोटोत मुरत होते. तुमी त्यांना आपसातच कालवलाव, फोटो राहिला बाजूला. सूत एका रंगात बुडवून मग दुसऱ्यात घालायचं असतंय. दोन्ही रंग एकाच बादलीत ओतलं तर काय होतंय?"

"वांगं," नवनाथराव म्हणाले.

सकाळची एक प्रत पेनड्राइव्हवर सापडली, पण तीत पदर कोराच होता. भाभींनी तो पुन्हा रंगवला. नवनाथराव लुगडं दोन्ही हातांत पसरून दाराच्या उजेडात उभे राहिले. रस्त्यावरनं जाणाऱ्या दोन बायकांनी त्यांना भावही विचारला.

शेवटी भाभींनी सगळे थर होते तसेच ठेवले आणि छापायला त्यांची एकत्र प्रत तेवढी वर घेतली. डाळिंबी रंग हलला नाही.

श्रीदेवी आली. तिनं छापलेल्या फोटोशेजारी लुगड्याचा पदर ठेवला. आधी पदरावरून, मग फोटोवरून बोट फिरवलं.

"अव्वा," फोटोतल्या आईला एवढंच म्हणाली, आणि फोटो छातीशी धरून गेली.

नवनाथरावांचा जीव भांड्यात पडला. पडला तो पडला, लगेच उसळलाही.

"भाभी, आता मला सगळं कळलं बघा. उद्यापासून बारीकसारीक फोटो माझ्याकडं देत चला."

"न्हाई ओ भाऊ, मला रात्री झोप लागायची न्हाई."