पालथं टेबल

जवसाच्या तेलात राळ उकळल्याचा वास आला की मला आमचं कल्याणच्या बंदराजवळचं अंगण आठवतं. आमचे घरधनी सुतार. खाडीची मोजणी करायला कुणी साहेब येणार होता आणि तो नावेवरच जेवणार होता, म्हणून त्या नावेच्या तांडेलाने ह्यांना आंब्याच्या फळ्यांचं स्वस्तातलं टेबल करायला सांगितलं होतं. वरची बाजू घासून झाल्यावर ह्यांनी टेबल पालथं घालून पाय ठोकले, आणि मी चिंधीने त्या पायांना तेल पाजत बसले. ऊन कलत होतं, खाडीकडून चिखलाचा वास येत होता. तेवढ्यात तांडेल बायकोला घेऊन आला. आभाळाकडे वर झालेले ते चार पाय पाहून ती जागीच थबकली. "नावेवरची वस्तू कवा पालथी नाय घालत, बाय," ती मला म्हणाली. हे हसले. "अहो, पालथं घातल्याशिवाय पाय बसायचे कसे?" तांडेल हसला नाही. त्याने टेबल सरळ केलं आणि डोक्यावर पालथं न घेता, तसंच उभं, पोटाशी धरून बंदरापर्यंत नेलं. साहेब यायच्या आदल्या दिवशी, वारा नसताना, नाव खाडीतच उलटली. तांडेल सापडला नाही. ओहोटी लागल्यावर नाव पालथी पडलेली दिसली, आणि थोड्या अंतरावर चिखलात आमचं टेबल, चार पायांवर सरळ उभं, जणू आता कुणी जेवायला बसणार होतं. हल्ली टेबलं मुलगा करतो. पाय ठोकताना मी त्याला टेबल कुशीवरच आडवं पाडायला लावते. तो हसतो, अगदी ह्यांच्यासारखा.