देवाची फुलं आणि रानडुक्कर

कुंपणाबाहेर डोकावणारं फूल आपलंच, हा शशिकांतरावांचा सहकारनगरातला चाळीस वर्षांचा कायदा. देवासाठी तोडलेलं फूल चोरीचं नसतं म्हणे. सोय बघा कशी! २०१६ साली बँकेतून निवृत्त होऊन ते मुलाकडे नागोयाला राहायला आले, तेव्हा हा कायदाही सामानातून आलाच.

घरामागे गवताळ माळ आणि पाणथळीचं राखीव क्षेत्र. तिथल्या मोरिता-सान, सत्तरीच्या बाई, कोणता जीव कधी दिसला ते वहीत टिपायच्या. जूनमध्ये त्यांनी शशिकांतरावांना एक येनच्या नाण्यावर मावेल एवढा लाल चतुर दाखवला आणि गडी तिथलाच झाला. सून दीप्ती दुभाषी झाली, यांनी व्हॉलंटियरची हिरवी पट्टी दंडाला बांधली. अख्ख्या जपानात त्यांची कुणी वाट बघत असेल, तर ती इथेच. मुलगा काय, रविवारीसुद्धा ऑफिसात.

श्रावण लागला आणि पाणथळीत पांढरी फुलं उमलली, पंख पसरलेल्या बगळ्यासारखी. शशिकांतरावांना बगळा दिसलाच नाही, शंकराची पिंडी दिसली. फक्त अकरा तोडली. 'फक्त' हा त्यांचा शब्द.

दोन दिवसांनी वाटेवर पाटी लागली. दीप्तीनं ती वाचून दाखवली: वर्षभर जपलेल्या एकोणीस फुलांतली अकरा रानडुकरानं खाल्ली, तरी रोज सकाळी पहारा. पहारेकरी, शशिकांत-सान. घ्या, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

दीप्तीला देवघरातली फुलं आठवली. बाबा, गप्प राहा, डुक्कर काही तक्रार करत नाही, असं तिनं सुचवलं. तीन दिवस शशिकांतरावांनी इमानानं पहारा दिला. मोरिता-सान रोज थर्मासमधला चहा द्यायच्या, कमरेत वाकून आभार मानायच्या. लाज वाटली, चाळीस वर्षांची एकदम वाटली.

चौथ्या दिवशी ते दीप्तीला घेऊन गेले आणि वही मागितली. ऑगस्टच्या पानावर चतुर, बेडूक, शेवटी रानडुक्कर. दीप्तीनं बोट ठेवलेल्या त्या शेवटच्या नावावर त्यांनी रेघ मारली, शेजारी 'शशिकांत' लिहिलं आणि पट्टी सोडून वहीवर ठेवली. आता हाकललं तर जायचं कुठे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दीप्तीनं सगळं सांगितलं. मोरिता-साननी वहीतला पुढचा रकाना दाखवून दीप्तीला काहीतरी विचारलं.

"हा प्राणी पुन्हा कधी दिसेल, असं विचारतायत," दीप्ती म्हणाली.

"उद्या. सकाळी सहाला."

मोरिता-साननी ते नीट लिहून घेतलं. पट्टी मात्र परत दिली नाही. विळा दिला. गवत कापलं, तरच पुढच्या वर्षी त्या फुलांना ऊन मिळतं.